चिमणीने वाट दाखवली : डॉ. सलीम अली

अब्बासियात खिडकीबाहेर चिमण्या रोजच दिसतात. आम्ही त्यांच्याकडे कधी नीट पाहिले नव्हते. पण एका चिमणीमुळे एका मुलाचे आयुष्य बदलले, ही हकिकत आम्हांला फार आवडली.

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. आईवडील लवकर वारले, म्हणून मामांनी त्यांना वाढवले. छर्‍याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी, हे विचारायला मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तेथे मिलार्डसाहेबांनी तिचे नाव सांगितले आणि पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखवला. तेव्हापासून पाखरांचा छंद जडला.

पुढची वाट सोपी नव्हती. विद्यापीठाची पदवी नसल्याने सरकारी नोकरी हुकली. जर्मनीत शिकून १९३० मध्ये परतले, तरी काम मिळेना. मग ते पत्नी तेहमीना यांच्यासह अलिबागजवळच्या किहीमला राहिले. तेथे त्यांनी सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला. आपण सुगरण म्हणतो, पण घरटे विणतो तो नर! मादीने ते पसंत केले की तो दुसरे विणायला घेतो.

नंतर हैदराबाद, त्रावणकोर अशा संस्थानांत हिंडून त्यांनी पक्ष्यांची पाहणी केली. कोणता पक्षी, कोठे, कोणत्या तारखेस, हे ते टिपून ठेवत. १९४१ मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे प्रसिद्ध पुस्तक निघाले. २० जून १९८७ रोजी ते वारले.

आज संगणकावर जंगल, पाणी, रस्ते यांचे नकाशे एकावर एक ठेवतात आणि त्यांवर पक्ष्यांच्या नोंदी मांडतात. याला भौगोलिक माहिती प्रणाली किंवा जीआयएस म्हणतात. पक्षी कोठे कमी झाले, कोणते तळे आधी राखायला हवे, हे त्यावरून समजते. पण नोंदीत ठिकाण आणि तारीखच नसेल, तर संगणक तरी काय करणार?

पिवळ्या गळ्याच्या काही चिमण्या उन्हाळ्यात इराक-इराणमध्ये घरटी करतात आणि हिवाळ्यात भारतात जातात. म्हणजे त्याही आपल्यासारख्याच दोन्हीकडच्या! म्हणून आम्ही वर्गात एक वही ठेवली आहे. पक्षी, जागा, तारीख असे तीन रकाने आखले आहेत. तुम्हांला एखादे पाखरू दिसले, तर त्यात जरूर लिहा.