गणिताचे कर्वे सर

मी भोरची, पण शाळा कॉन्व्हेंटची. त्यामुळे माझं मराठी जरा सांभाळून घ्या.

दहावीत पुनरुत्पादनाचा धडा आम्हाला घरी वाचून या असं सांगून उरकला होता. त्याचा परिणाम गेल्या दिवाळीत वेल्ह्याला मामाकडे कळला. वहिनीच्या लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही, म्हणून सगळे तिलाच बोलत होते. रात्री तिने हळूच विचारलं, मूल राहायचे नेमके दिवस कोणते? मी ऐटीत सांगितलं, चौदावा. तिची पाळी पस्तीस दिवसांनी येते, हे मी विचारलंच नाही!

हॉस्टेलवर परत आल्यावर लायब्ररीत र. धों. कर्वे यांचं चरित्र हाती लागलं. महर्षी कर्वे यांचे हे थोरले चिरंजीव, जन्म 14 जानेवारी 1882, कोकणातल्या मुरुडचा. नऊ वर्षांचे असताना आई बाळंतपणात गेली. पुढे ते गणित शिकले, पॅरिसलाही जाऊन आले आणि मुंबईच्या विल्सन कॉलेजात प्राध्यापक झाले. 1921 साली त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचं केंद्रही त्याच वर्षी निघालं. या कामापायी 1925 मध्ये सरांना नोकरी सोडावी लागली. स्वतः मूल होऊ न देण्याचं त्यांनी ठरवलं. पत्नी मालतीबाई शेवटपर्यंत पाठीशी राहिल्या.

जुलै 1927 मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं. लोक पत्रातून लाजेचे प्रश्न विचारायचे आणि सर सरळ उत्तरं द्यायचे. त्यावर अश्लीलतेचे खटले झाले. 1934 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले. खटला हरले, दंड झाला, पण मासिक थांबलं नाही. 14 ऑक्टोबर 1953 ला सर गेले, तेव्हाच ते थांबलं.

गंमत म्हणजे सरांनी केंद्र काढलं तेव्हा बीज नक्की कधी सुटतं हे डॉक्टरांनाही माहीत नव्हतं. 1924 मध्ये जपानच्या डॉ. ओगिनो यांनी ते दाखवलं. मोजायचं ते पुढच्या पाळीपासून मागे, साधारण चौदा दिवस. म्हणजे अठ्ठावीस दिवसांच्या चक्रात चौदावा दिवस, पस्तीसच्या चक्रात एकविसाव्याच्या आसपास. बीज जेमतेम एक दिवस टिकतं, शुक्राणू पाच दिवसांपर्यंत. म्हणून आधीचे पाच दिवस आणि तो दिवस महत्त्वाचे. पण पाळी घड्याळ नव्हे, पुढे-मागे होते. त्यामुळे मूल नको असेल तर नुसत्या मोजणीवर विसंबू नये.

मी वहिनीला फोन करून चूक कबूल केली. वर्षभरात मूल राहिलं नाही तर डॉक्टरकडे जावं, आणि तपासणी दोघांची व्हावी, हेही सांगितलं. दादा आधी चिडला, पण गेल्या महिन्यात दोघं पुण्याला जाऊन आले.

वजाबाकी सोपी होती, प्रश्न विचारणं अवघड होतं. ते ज्यांनी सोपं केलं, त्या कर्वे सरांना माझा सलाम!