कॅन्सरशी झुंजत लिहिलेल्या एका पुस्तकाने डीडीटीचा धोका जगाला कळला

घरातल्या जुन्या माणसांना विचारा, त्यांना डीडीटी नक्की आठवेल. गावात मलेरियाची फवारणी करणारे यायचे, भांडीकुंडी बाहेर काढावी लागायची आणि भिंतींवर पांढरट थर बसायचा. डास मरायचे, लोक खूश व्हायचे.

1939 मध्ये पॉल म्युलर या स्विस शास्त्रज्ञाने डीडीटीने किडे मरतात हे शोधून काढलं. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या अंगावर डीडीटी मारून उवा आणि उवांमुळे पसरणारा टायफस रोखला गेला. 1948 मध्ये म्युलर यांना नोबेल मिळालं. युद्ध संपल्यावर हेच औषध अमेरिकेत शेतांवर, जंगलांवर आणि वस्त्यांवर विमानातून फवारलं जाऊ लागलं.

ज्या गोष्टीला नोबेल मिळालंय, तिच्यावर शंका कोण घेणार? ती घेतली रेचल कार्सन यांनी.

समुद्र न पाहिलेली समुद्रवेडी मुलगी

27 मे 1907 रोजी अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या स्प्रिंगडेल गावात रेचलचा जन्म झाला. घरची थोडी शेती होती, पण पैशांची कायम ओढाताण. आई मारिया तिला रानात फिरवायची, पक्षी ओळखायला शिकवायची. वयाच्या अकराव्या वर्षी मुलांच्या एका मासिकात तिची गोष्ट छापून आली, तेव्हा मोठेपणी लेखिकाच व्हायचं हे तिने ठरवूनच टाकलं.

कॉलेजात तिने इंग्रजी घेतलं. पण जीवशास्त्राच्या एका प्राध्यापिकेच्या तासांनी तिला असं वेड लावलं की तिने विषयच बदलला. 1929 मध्ये पदवी मिळाली आणि त्याच उन्हाळ्यात वुड्स होलच्या सागरी प्रयोगशाळेत तिने आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला.

1932 मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून प्राणिशास्त्रात एम.ए. झालं. पुढे पीएचडी करायची होती, पण महामंदीचा काळ होता आणि घर चालवायचं होतं. शिक्षण सोडावं लागलं. 1935 मध्ये वडील गेले. 1936 मध्ये त्यांना सरकारच्या मत्स्य विभागात नोकरी लागली. पुढच्याच वर्षी बहीण वारली आणि तिच्या दोन मुलींची जबाबदारी रेचल आणि त्यांच्या आईवर आली.

दिवसा नोकरी आणि रात्री लिखाण, असं बरीच वर्षं चाललं. 1951 मध्ये आलेलं त्यांचं 'द सी अराउंड अस' हे समुद्रावरचं पुस्तक तुफान खपलं. न्यूयॉर्क टाइम्सच्या बेस्टसेलर यादीत ते 86 आठवडे होतं. 1952 मध्ये कार्सन यांनी नोकरी सोडली आणि त्या पूर्णवेळ लेखिका झाल्या.

पक्षी मेल्याचं पत्र

डीडीटीचा विषय त्यांच्या डोक्यात 1945 पासून होता. सरकारी संशोधन केंद्रात त्याच्या चाचण्या सुरू होत्या. त्यावर लिहू का, असं त्यांनी रीडर्स डायजेस्टला विचारलंही होतं. मासिकाला त्यात रस वाटला नाही.

जानेवारी 1958 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या एका मैत्रिणीचं पत्र आलं. डास मारण्यासाठी तिच्या भागात विमानातून फवारणी झाली होती आणि तिच्या जागेतले पक्षी मरून पडले होते. कार्सन यांनी याची माहिती काढायला सुरुवात केली. शास्त्रज्ञांशी पत्रव्यवहार केला, सरकारी अहवाल आणि कोर्टातली कागदपत्रं वाचून काढली. हाताशी जे लागलं ते वाटलं होतं त्यापेक्षा फार मोठं होतं.

कॅलिफोर्नियातल्या क्लिअर लेकचंच उदाहरण घ्या. तिथे चिलटांसारखे किडे मारण्यासाठी पाण्यात डीडीडी, म्हणजे डीडीटीचाच भाऊबंद, टाकला. प्रमाण अगदी नगण्य होतं, 10 लाख भाग पाण्यात 0.02 भाग. पण हे विष पाण्यात धुऊन जात नाही आणि शरीरात गेलं की चरबीत साठतं. पाण्यातल्या सूक्ष्म जिवांमध्ये ते 5 भागांवर गेलं. ते जीव लहान माशांनी खाल्ले, लहान मासे मोठ्या माशांनी खाल्ले आणि मासे खाणारे ग्रीब पक्षी मरू लागले. त्या पक्ष्यांच्या चरबीत विषाचं प्रमाण निघालं 1600 भाग. पाण्यापेक्षा 80 हजार पट जास्त!

मिशिगनमध्ये एल्मच्या झाडांवर फवारणी झाली. पानं गळाली, ती गांडुळांनी खाल्ली, गांडुळं रॉबिन पक्ष्यांनी खाल्ली आणि रॉबिन मेले. त्यांच्यावर थेट कोणीच काही फवारलं नव्हतं.

विष जिथे टाकलं तिथेच राहत नाही आणि त्या अन्नसाखळीच्या टोकाला माणूसही आहे, हे कार्सन यांना सांगायचं होतं.

आजार लपवून ठेवला

पुस्तक लिहिताना घरात एकामागून एक संकटं आली. 1957 मध्ये भाची वारली होती. तिचा पाच वर्षांचा मुलगा रॉजर याला कार्सन यांनी दत्तक घेतलं. 1958 च्या डिसेंबरमध्ये आई गेली. 1960 मध्ये त्यांच्यावर स्तनाच्या गाठीची मोठी शस्त्रक्रिया झाली. कॅन्सर आहे हे डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितलंच नाही. काही महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेल्यावर आजार पसरल्याचं कळलं.

ही गोष्ट त्यांनी मोजक्या माणसांनाच सांगितली. कारण पुस्तकात रसायनं आणि कॅन्सर यांच्या संबंधावरही लिहिलेलं होतं. लेखिकेलाच कॅन्सर आहे हे बाहेर कळलं असतं, तर स्वतःच्या दुखण्याचा राग ती रसायनांवर काढतेय असं म्हणायला विरोधक मोकळे झाले असते. रेडिएशनचे उपचार घेत, पडून राहून, त्यांनी पुस्तक पूर्ण केलं.

सप्टेंबर 1962 मध्ये 'सायलेंट स्प्रिंग' प्रसिद्ध झालं आणि रसायन उद्योग खवळला. वेल्सिकॉल कंपनीने प्रकाशकाला कोर्टात खेचायची धमकी दिली. मोन्सँटोने पुस्तकाची टर उडवणारा लेख काढला. कार्सन यांच्याकडे पीएचडी नाही, त्या भावनेच्या भरात लिहितात, त्या कम्युनिस्ट आहेत, असं सगळं बोलून झालं.

पण विषय राष्ट्राध्यक्ष केनेडींपर्यंत पोचला होता. त्यांच्या विज्ञान सल्लागार समितीने अभ्यास करून मे 1963 मध्ये अहवाल दिला आणि तो कार्सन यांची बाजू उचलून धरणारा होता. पुढच्याच महिन्यात त्यांनी सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली. आपल्या घराभोवती काय फवारलं जातंय हे कळण्याचा हक्क लोकांना आहे, हा त्यांचा मुद्दा होता. कॅन्सर तोवर हाडांपर्यंत गेला होता. काठी किंवा व्हीलचेअर दिसली तर त्या संधिवाताचं कारण सांगायच्या.

14 एप्रिल 1964 रोजी, वयाच्या 56 व्या वर्षी त्यांचं निधन झालं. रॉजर तेव्हा अकरा-बारा वर्षांचा होता.

मग मलेरिया कार्सन यांच्यामुळे वाढला का?

1970 मध्ये अमेरिकेत पर्यावरण संरक्षण संस्था स्थापन झाली आणि 1972 मध्ये तिने डीडीटीचा बहुतेक वापर बंद केला. डीडीटीमुळे पक्ष्यांच्या अंड्यांची कवचं पातळ होतात हे तोवर सिद्ध झालं होतं. 1963 मध्ये अलास्का आणि हवाई वगळता अमेरिकेत बाल्ड ईगलच्या जेमतेम चारशेच्या वर जोड्या उरल्या होत्या. 2007 मध्ये हा पक्षी धोक्यातल्या प्रजातींच्या यादीतून बाहेर आला.

तरीही एक आरोप आजही होतो. डीडीटीवर बंदी आणून कार्सन यांनी गरीब देशांत मलेरिया वाढवला, असा. खरं तर त्यांनी सरसकट बंदी मागितलीच नव्हती. उठसूट फवारणी केली तर किडे आणि डास त्या औषधाला दाद देणार नाहीत आणि गरज पडेल तेव्हा ते कामाला येणार नाही, हा इशारा त्यांनी दिला होता.

याचं उत्तर भारतातच सापडतं. स्वातंत्र्याच्या वेळी इथे वर्षाला सुमारे साडेसात कोटी लोकांना मलेरिया व्हायचा असा अंदाज होता. डीडीटीच्या मोहिमेनंतर 1965 मध्ये हा आकडा लाखाच्या आसपास आला. मात्र 1976 मध्ये तो पुन्हा 64 लाखांवर गेला. त्या काळात भारताने मलेरियासाठी डीडीटी वापरणं थांबवलं नव्हतं. मोहिमेतली ढिलाई, औषधांची टंचाई अशी कारणं होतीच, पण डास डीडीटीला सरावले हेही एक मोठं कारण होतं. आपल्याकडे शेतीत डीडीटीवर बंदी आली ती 1989 मध्ये.

कीटकनाशकांचा प्रश्न मात्र तिथे संपला नाही. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 च्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तर शेकडो जणांना दवाखान्यात दाखल करावं लागलं. औषधं वेगळी होती. पण पंपात काय मिसळलंय आणि ते अंगावर आलं तर काय होतं, हे पाठीवर पंप घेणाऱ्या अनेकांना कोणी नीट सांगितलंच नव्हतं. कार्सन यांनी सिनेटसमोर माहितीच्या हक्काची मागणी केली होती, त्याला तेव्हा 54 वर्षं झाली होती.