तारे वाचणाऱ्या पाद्र्याने समुद्रात थाळी सोडली, ती आजही उपग्रहांच्या कामाला येते

कोकणातल्या मच्छीमारांना मासे कुठे मिळू शकतात हे आज मोबाईलवर कळतं. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उपग्रहाने टिपलेला पाण्याचा रंग आणि तापमान बघून हा अंदाज देते. पण उपग्रहाचा पाण्याबद्दलचा अंदाज बरोबर आहे का, हे तपासताना जगभरात इतर उपकरणांसोबत एक साधी पांढरी थाळीही पाण्यात सोडतात. तिचं नाव सेक्की डिस्क.

आंजेलो सेक्की यांचा जन्म १८१८ साली इटलीतल्या रेज्जो एमिलियाचा. पंधराव्या वर्षी ते जेझुइट संघात गेले. १८४८ च्या उठावात जेझुइटांना रोम सोडावं लागलं, तेव्हा सेक्की आधी इंग्लंडला आणि तिथून अमेरिकेला गेले. परत आल्यावर त्यांच्याकडे रोमन कॉलेजची वेधशाळा आली. ती त्यांनी थेट सेंट इग्नेशियस चर्चच्या छतावर नेली. त्या चर्चचा घुमट कधी बांधलाच गेला नव्हता, पण त्यासाठी उभारलेले भक्कम खांब होते. दुर्बिणीला आणखी काय पाहिजे?

तिथून त्यांनी सुमारे ४,००० ताऱ्यांचा प्रकाश तपासला आणि त्या वर्णपटांवरून ताऱ्यांचे प्रकार पाडले. ताऱ्याला हात लावता येत नाही, त्यामुळे त्याच्या प्रकाशातला कोणता रंग गायब आहे हे बघायचं. रिमोट सेन्सिंगही हेच करतं. वनस्पती प्लवक म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती. त्यांच्यातलं हरितद्रव्य निळा आणि लाल प्रकाश शोषतं, म्हणून असं पाणी वरून हिरवट दिसतं. जिथे प्लवक, तिथे त्यावर जगणारे मासे येण्याची शक्यता जास्त.

थाळीची गोष्ट १८६५ सालची. पोपच्या नौदलाचे कमांडर अलेसांद्रो चाल्दी यांना समुद्राचं पाणी किती पारदर्शक आहे ते मोजायचं होतं. त्यांनी सेक्कींना जहाजावर बोलावलं. सिव्हितावेकियाजवळ सेक्कींनी वेगवेगळ्या आकारांच्या आणि रंगांच्या थाळ्या दोरीने खाली सोडल्या आणि त्या किती खोलीवर दिसेनाशा होतात हे नोंदवलं. सूर्य किती वर आहे, ढग आहेत का, याने काय फरक पडतो तेही पाहिलं. माझ्या मते त्यांचं मोठेपण इथेच आहे. थाळी कुणीही सोडली असती, पण त्यांनी मोजायची रीत घालून दिली. म्हणूनच जुन्या नोंदी आजच्या नोंदींशी ताडून बघता येतात.

१८७० मध्ये इटलीच्या सैन्याने रोम घेतलं आणि पोपची सत्ता संपली. १८७३ मध्ये कायदा करून धार्मिक संघांच्या मालमत्ता ताब्यात घ्यायला सुरुवात झाली. सेक्की पोपशी एकनिष्ठ राहिले. तरी वेधशाळा त्यांच्याकडेच ठेवण्यात आली, कारण त्यांचं नाव युरोपभर झालं होतं. २६ फेब्रुवारी १८७८ ला ते गेले आणि पुढच्याच वर्षी सरकारने वेधशाळा ताब्यात घेतली.

समुद्राचा रंग मोजण्यासाठी खास बनवलेलं पहिलं उपकरण निंबस-७ या उपग्रहावरून ऑक्टोबर १९७८ मध्ये अवकाशात गेलं. भारताचा ओशनसॅट-१ गेला १९९९ मध्ये. पावसाळ्यात ढग दाटले की असल्या उपग्रहांना खालचं पाणी दिसत नाही.