लाजेच्या पडद्याआडचे आरोग्य जपणारे र. धों. कर्वे

संततिनियमनाचे आद्य पुरस्कर्ते म्हणून प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे यांचे नाव महाराष्ट्राला परिचित आहे. गुप्तरोग आणि वेश्याव्यवसाय या विषयांवरही त्यांनी तितक्याच निर्भीडपणे लेखन केले, याची आठवण मात्र क्वचितच काढली जाते. शरीरसंबंधातून होणाऱ्या रोगापासून स्त्री आणि पुरुष या दोघांचेही रक्षण व्हावे आणि त्यापायी कोणाचीही बेअब्रू होऊ नये, हा त्यांच्या कार्याचा एक महत्त्वाचा धागा होता.

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी कोकणातील मुरूड येथे झाला. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ते ज्येष्ठ पुत्र. ते नऊ वर्षांचे असताना, १८९१ मध्ये, त्यांच्या मातोश्री राधाबाई बाळंतपणात निवर्तल्या. १८९९ मध्ये मॅट्रिकच्या परीक्षेत ते पहिले आले. पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात शिक्षण घेऊन ते गणिताचे प्राध्यापक झाले. १९१९ मध्ये ते गणिताच्या उच्च शिक्षणासाठी पॅरिसला गेले. शरीरसंबंधांचा विचार पापपुण्याच्या चौकटीबाहेर, शास्त्राच्या कसोटीवर करता येतो, हा विश्वास घेऊनच त्यांनी पुढील कार्य आरंभिले.

एकतर्फी तपासणी

रघुनाथरावांच्या जन्माच्या वेळी देशात सांसर्गिक रोगांसंबंधीचा १८६८ चा कायदा अस्तित्वात होता. गोऱ्या सैनिकांना होणाऱ्या रोगांची सरकारला चिंता होती. त्यासाठी वेश्यांची सक्तीने नोंदणी करायची, ठराविक मुदतीने त्यांची वैद्यकीय तपासणी करायची आणि रोग आढळल्यास त्यांना 'लॉक हॉस्पिटल'मध्ये डांबायचे, अशी त्याची तऱ्हा होती. मुंबईतही त्याचा अंमल झाला. त्यांच्याकडे येणाऱ्या पुरुषांची मात्र ना नोंद होत असे, ना तपासणी. सुरक्षेचा सारा भार स्त्रीवर आणि गुप्ततेचा सारा लाभ पुरुषाला, असा तो व्यवहार होता. साहजिकच स्त्रिया नोंदणी चुकवीत आणि रोग लपून राही. इंग्लंडमध्ये जोसेफिन बटलर यांनी अशाच कायद्याविरुद्ध दीर्घकाळ चळवळ केली. तेथील कायदा १८८६ मध्ये, तर भारतातील १८८८ मध्ये रद्द झाला.

कायदा गेला, तरी रोग राहिला. पेनिसिलिन उपलब्ध होण्यापूर्वीच्या त्या काळात उपदंशावरील उपचार दीर्घ, क्लेशदायक आणि खर्चिक होते. त्यामुळे रोग होऊच न देणे हाच शहाणपणाचा मार्ग होता. 'गुप्तरोगांपासून बचाव' हे पुस्तक रघुनाथरावांनी लिहिले, ते याच हेतूने. या रोगांच्या नावातच 'गुप्त' हा शब्द आहे. रुग्णाचे नाव गुप्त राहायला हरकत नाही. रोगाविषयीचे ज्ञान गुप्त राहता कामा नये, असा त्यांच्या कार्याचा रोख होता. ज्या संबंधातून कोणाचेही नुकसान होत नाही, त्याला अनीती म्हणण्याचे कारण नाही, अशी त्यांची भूमिका होती. 'वेश्याव्यवसाय' या विषयावर त्यांनी स्वतंत्र पुस्तकही लिहिले.

१९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र उघडले, तेही त्याच वर्षी. पत्नी मालतीबाई यांनी त्यांना या कामात खंबीर साथ दिली. परंतु विल्सन महाविद्यालयाच्या चालकांना हे कार्य मानवले नाही. नोकरी की प्रचार, असा पेच उभा राहिला, तेव्हा १९२५ मध्ये रघुनाथरावांनी नोकरीवर पाणी सोडले. त्यानंतर आर्थिक ओढाताणीने त्यांची पाठ सोडली नाही.

उत्तरे दिली म्हणून खटला

१५ जुलै १९२७ रोजी 'समाजस्वास्थ्य' मासिकाचा पहिला अंक निघाला. डॉक्टरला विचारण्याचे धाडस होत नाही आणि घरात बोलण्याची सोय नाही, अशा वाचकांच्या खासगी प्रश्नांना त्यात शास्त्रीय उत्तरे मिळत. हीच गोष्ट सनातन्यांना खुपली. व्यभिचारविषयक लेखाबद्दल १९३१ मध्ये त्यांना शंभर रुपये दंड झाला. १९३४ मध्ये वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून पुन्हा खटला भरण्यात आला. या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते अश्लीलच, असे मानता येणार नाही. लोकांच्या मनातील शंका ज्ञानानेच दूर होतील, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. न्यायालयाला तो पटला नाही आणि दोनशे रुपये दंड झाला. प्रश्न विचारणारे पडद्याआड सुरक्षित राहिले. शिक्षा उत्तर देणाऱ्याला झाली. तरीही त्यांनी प्रश्नोत्तरे थांबविली नाहीत. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत मासिक त्यांच्याच हिमतीवर चालले.

प्रश्न आजही तोच

आज हा व्यवसाय मुंबई-पुण्याच्या वस्त्यांपुरता उरलेला नाही. मोबाईलवर ठरणाऱ्या भेटी शहरांतील हॉटेलांपासून लोणावळ्यासारख्या सहलीच्या ठिकाणच्या भाड्याच्या बंगल्यांपर्यंत पोचल्या आहेत. अनोळखी ठिकाणी एकटीने जाणाऱ्या स्त्रीला समोरची व्यक्ती कोण, हे आधी कळणे जिवाच्या सुरक्षेसाठी आवश्यक वाटते. आपले नाव कोठे नोंदले गेले तर त्याचा गैरवापर होईल, ही ग्राहकाची भीतीही अगदीच निराधार नाही. जुन्या कायद्याप्रमाणे एकाच बाजूची चौकशी करून हा तिढा सुटणारा नाही.

कायद्याने या दिशेने काही पावले टाकली आहेत. २०१७ चा एचआयव्ही-एड्सविषयक कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. एरवी संमतीशिवाय चाचणी करण्यास आणि तिचा निष्कर्ष उघड करण्यास त्याने मनाई केली. देहविक्रय करणाऱ्या महिलांची ओळख छाप्यांच्या वेळी प्रसिद्धिमाध्यमांनी उघड करू नये, तसेच त्यांच्याजवळील निरोध हा गुन्ह्याचा पुरावा मानू नये, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ रोजी दिले. ज्या साधनांचा प्रचार केल्याबद्दल रघुनाथरावांना नोकरी गमवावी लागली, त्यांना सुरक्षेचे साधन म्हणून न्यायालयाचे संरक्षण मिळण्यास जवळपास शंभर वर्षे जावी लागली.