भगतसिंग थिंड
भगतसिंग थिंड (३ ऑक्टोबर, १८९२ - १५ सप्टेंबर, १९६७) हे भारतीय वंशाचे अमेरिकन शीख लेखक व व्याख्याते होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात ते अमेरिकेच्या सैन्यात होते. अमेरिकन नागरिकत्वासाठी त्यांनी दिलेला लढा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९२३ मधील त्या निकालाने भारतीयांना अमेरिकेचे नागरिक होण्याचा मार्ग तेवीस वर्षे बंद झाला. क्रांतिकारक हुतात्मा भगतसिंग यांच्याशी त्यांचा संबंध नाही. केवळ नामसाधर्म्य आहे.

जन्म व अमेरिकेतील आगमन

थिंड यांचा जन्म पंजाबातील अमृतसर जिल्ह्यात तारागढ तलावा या गावी झाला. अमृतसरच्या खालसा महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. विद्यार्थिदशेत इमर्सन, थोरो व व्हिटमन यांच्या लेखनाने ते भारावले आणि त्यातूनच अमेरिकेला जाण्याची ओढ निर्माण झाली. मनिलामार्गे ते १९१३ च्या जुलै महिन्यात सिॲटल बंदरात उतरले. ऑरेगन राज्यातील लाकूड गिरण्यांत काम करून त्यांनी पुढील शिक्षणाचा खर्च भागवला.

पॅसिफिक किनाऱ्यावरील वातावरण भारतीयांना अनुकूल नव्हते. १९०७ मध्ये बेलिंगहॅम येथे गोऱ्या जमावाने भारतीय कामगारांना गावाबाहेर हुसकून लावले होते. हे कामगार बहुसंख्येने शीख असले, तरी अमेरिकन वृत्तपत्रे व सरकारी कागदपत्रे सर्वच भारतीयांना सरसकट हिंदू म्हणत. याच गिरणी कामगारांमध्ये १९१३ मध्ये गदर चळवळीने मूळ धरले. मराठी वाचकांना परिचित असलेले पांडुरंग सदाशिव खानखोजे हेही त्या सुमारास तेथेच कार्यरत होते. गदरच्या काही नेत्यांशी थिंड यांचा स्नेह होता आणि पुढे नागरिकत्वाच्या चौकशीत तो त्यांच्याविरुद्ध वापरला गेला.

सैन्यसेवा

२२ जुलै, १९१८ रोजी थिंड अमेरिकेच्या सैन्यात दाखल झाले. वॉशिंग्टन राज्यातील कॅम्प लुईस येथे त्यांची नेमणूक होती. पगडी व केस राखून त्यांनी सेवा केली. नोव्हेंबरमध्ये त्यांना हंगामी सार्जंटपदी बढती मिळाली. युद्धसमाप्तीनंतर १६ डिसेंबर, १९१८ रोजी उत्कृष्ट वर्तनाच्या शेऱ्यासह त्यांना सन्मानपूर्वक सेवामुक्त करण्यात आले.

नागरिकत्वाचा लढा

१७९० च्या कायद्यानुसार परदेशात जन्मलेल्यांपैकी केवळ स्वतंत्र गोऱ्या व्यक्तींनाच नागरिकत्व मिळू शकत असे. १८७० मध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांचा त्यात समावेश झाला. गोरा कोण, याची व्याख्या मात्र कायद्याने कधीच केली नाही. ती जबाबदारी न्यायालयांवर पडली आणि त्यांचे निकाल परस्परविरोधी येत राहिले. मुंबईचे पारशी व्यापारी भिकाजी बलसारा यांना १९१० मध्ये, तर कलकत्त्याहून आलेले ए. के. मुजुमदार यांना १९१३ मध्ये गोरे मानून नागरिकत्व देण्यात आले होते.

९ डिसेंबर, १९१८ रोजी थिंड यांनी लष्करी गणवेशातच नागरिकत्वाची शपथ घेतली. ते गोरे नाहीत या कारणावरून चारच दिवसांत ते रद्द झाले. १९१९ मध्ये त्यांनी ऑरेगन राज्यात पुन्हा अर्ज केला. सरकारी अधिकाऱ्यांनी वंशाबरोबरच गदर चळवळीतील ओळखींकडेही बोट दाखवले. आपण भारताच्या स्वराज्याचे समर्थक आहोत, मात्र सशस्त्र उठावाचे नाही, असे थिंड यांनी न्यायालयात स्पष्टपणे सांगितले. न्यायाधीश चार्ल्स वुल्व्हर्टन यांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला आणि १८ नोव्हेंबर, १९२० रोजी त्यांना नागरिकत्व बहाल केले. सरकारने अपील केले. अपील न्यायालयाने वंशाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाकडे सोपवला.

सर्वोच्च न्यायालयातील निकाल

थिंड यांची बाजू लॉस एंजेलिसचे भारतीय वंशाचे वकील सखाराम गणेश पंडित यांनी मांडली. त्यांच्या युक्तिवादाला ताजा आधार होता. नोव्हेंबर १९२२ मध्ये जपानी स्थलांतरित ताकाओ ओझावा यांचा अर्ज फेटाळताना याच न्यायालयाने गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा, असा अर्थ लावला होता. तत्कालीन मानववंशशास्त्रज्ञ उत्तर भारतीयांची गणना कॉकेशियन वंशातच करत. तेव्हा थिंड गोरे ठरायला हवेत, हा निष्कर्ष तर्काला धरून होता.

या युक्तिवादाची दुसरी बाजू आज अस्वस्थ करणारी वाटते. थिंड उच्चवर्णीय असून शुद्ध आर्य रक्ताचे आहेत, असे न्यायालयासमोर मांडले गेले. जातीबाहेर विवाह न करण्याची प्रथा हा वंशशुद्धीचा पुरावा म्हणून पुढे केला गेला आणि तिची तुलना अमेरिकन गोऱ्यांच्या वर्णभेदाशी करण्यात आली. जातिभेद नाकारणाऱ्या धर्मातील माणसाला जातीचा आधार घ्यावा लागला, तो गोरेपणाखेरीज दुसरी कोणतीही वाट कायद्याने ठेवली नव्हती म्हणून. वंशाची अटच अन्याय्य आहे, हे या खटल्यात कोणीही म्हटले नाही.

१९ फेब्रुवारी, १९२३ रोजी न्यायालयाने एकमताने थिंड यांच्याविरुद्ध निकाल दिला. निकालपत्र न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी लिहिले. हे स्वतः इंग्लंडमध्ये जन्मलेले होते आणि ओझावा यांचे निकालपत्रही त्यांचेच होते. शास्त्रीय वर्गीकरण काहीही असो, सामान्य अमेरिकन माणूस ज्याला गोरा समजतो तोच कायद्याच्या दृष्टीने गोरा, असा अर्थ आता लावण्यात आला. अवघ्या तीन महिन्यांत कसोटी बदलली. दोन्ही वेळा आशियाई अर्जदार बाहेरच राहिला.

परिणाम

या निकालाच्या आधारे सरकारने पूर्वी नागरिक झालेल्या भारतीयांचे नागरिकत्व काढून घेण्यास सुरुवात केली. मुजुमदार यांनीही ते गमावले. कॅलिफोर्नियात नागरिकत्वास अपात्र असलेल्यांना शेतजमीन बाळगता येत नसे. त्यामुळे तेथील पंजाबी शेतकऱ्यांची जमिनीवरील मालकी धोक्यात आली. सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी वैष्णोदास बगई यांनी नागरिकत्व आणि मालमत्ता गमावल्यानंतर १९२८ मध्ये आत्महत्या केली. पंडित यांच्यावरही हीच कारवाई झाली. परंतु १९२६ मध्ये अपील न्यायालयात त्यांनी स्वतःचा खटला जिंकला. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सरकारची बाजू ऐकण्यास नकार दिल्यावर उरलेली प्रकरणे थंडावली.

उत्तरायुष्य

थिंड अमेरिकेतच राहिले. गावोगावी फिरून ते अध्यात्मावर व्याख्याने देत. शीख विचारांबरोबरच इतर धर्मग्रंथ आणि त्यांचे आवडते अमेरिकन लेखक यांचाही त्यांत समावेश असे. या विषयावर त्यांनी अनेक पुस्तके लिहिली. १९३५ मध्ये अमेरिकन काँग्रेसने पहिल्या महायुद्धातील सैनिकांसाठी वंशाची अट शिथिल केली. त्यानुसार १९३६ मध्ये थिंड यांना न्यूयॉर्क येथे तिसऱ्यांदा नागरिकत्व मिळाले आणि ते कायम राहिले. १९४० मध्ये त्यांचा विवाह व्हिव्हियन डेव्हिस यांच्याशी झाला. त्यांना एक मुलगा व एक मुलगी होती. इतर भारतीयांना मात्र १९४६ च्या ल्यूस-सेलर कायद्यापर्यंत वाट पाहावी लागली. त्या कायद्यानेही वर्षाला केवळ १०० भारतीयांना प्रवेश दिला.

१५ सप्टेंबर, १९६७ रोजी थिंड यांचे निधन झाले. त्यानंतर तीन वर्षांनी झालेल्या अमेरिकेच्या जनगणनेत भारतीय वंशाच्या लोकांची नोंद गोरे म्हणून करण्यात आली. १९८० च्या जनगणनेपासून त्यांच्यासाठी आशियाई भारतीय हा स्वतंत्र रकाना आहे.