नागपूरहून सुटलेली गाडी

सन 1893 मधली गोष्ट. नागपूरहून राजनांदगावकडे निघालेल्या आगगाडीच्या डब्यात तिशी ओलांडलेला एक ब्राह्मण गृहस्थ बसला होता. राजनांदगाव संस्थानात त्याला नोकरी मिळाली होती. समोर एक गोरा साहेब. त्या काळी साहेब आणि देशी माणूस एका डब्यात आले, की देशी माणसाने मनाची तयारी अपमानाचीच ठेवावी. पण या साहेबाने सरकून जागा करून दिली आणि संस्कृत काव्यावर गप्पा सुरू केल्या. उतरण्यापूर्वी त्याने नव्या कराराची एक प्रत या सहप्रवाशाच्या हाती दिली आणि दोन वर्षांच्या आत तो ख्रिस्ती होईल असे भाकीतही करून ठेवले. साहेब कोण, कुठला, हे पुढे कधीच कळले नाही. तो सहप्रवासी म्हणजे नारायण वामन टिळक.

ही गोष्ट सांगताना ती फार सोपी करून सांगितली जाते. पुस्तक मिळाले, डोळे उघडले, माणूस बदलला! टिळकांचे तसे झाले नाही. त्या डब्यात ते पोहोचले तेव्हा त्यांच्या मागे वीस वर्षांची वणवण होती.

6 डिसेंबर 1861 रोजी दापोली तालुक्यातल्या करजगावी त्यांचा जन्म झाला. आडनाव आणि रत्नागिरी जिल्हा एकच असल्याने लोकमान्यांशी त्यांची गल्लत पुष्कळदा होते. ती करू नये. बालपण कल्याणात गेले. वडील कडक, आई भाविक. आई लहानपणीच गेली आणि मुलाचे घरातले मन उडाले. घर सोडून तो नाशिकला गेला, तिथे गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी संस्कृत शिकला. काव्याचा नाद लागला तो तिथेच. नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मुलगी त्यांना दिली गेली. तिचे माहेरचे नाव मनू. वय अकराच्या आसपास. मराठी वाचकांनी पुढे लक्ष्मीबाई टिळक म्हणून जिच्यावर जीव लावला, ती हीच.

टिळकांचे मन एका जागी राहणारे नव्हते. आज या गावी मास्तरकी, उद्या त्या गावी कीर्तन किंवा व्याख्यान. नागपुरात आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने ग्रंथांचे काम केले, ‘ऋषी’ नावाचे मासिक चालवले. जातिभेद त्यांना छळत होता. नवा धर्मच काढावा, असेही त्यांच्या मनात येऊन गेले. देशाची दुर्दशा आणि स्वतःच्या मनाची तगमग यांवर एकच औषध असले पाहिजे, अशी त्यांची समजूत होती. ते औषध सापडत नव्हते, एवढेच.

म्हणूनच गाडीत मिळालेल्या पुस्तकातील डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते थबकले. शत्रूवरही प्रेम करा म्हणणारा हा गुरू त्यांना ओळखीचा वाटला, कारण तुकोबांच्या अभंगांवर त्यांचे मन आधीच घडले होते. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते पुढे सांगत. पण पटणे वेगळे आणि पाऊल टाकणे वेगळे. राजनांदगावला बातमी फुटताच वातावरण तापले. अखेर 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आता थोडे दुसऱ्या बाजूकडे पाहू. कारण टिळकांना वाट सापडली, पण त्या वाटेचे मोल त्यांनी एकट्याने दिले नाही.

लक्ष्मीबाईंचे माहेर सोवळ्याने पछाडलेले. वडिलांच्या सोवळ्याचा अतिरेक इतका, की बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुऊन घरात जायची. अशा घरातल्या मुलीचा नवरा ख्रिस्ती झाला! चार वर्षांचा दत्तू पदरात. नवरा जिवंत असून संसार मोडलेला. सौभाग्याची म्हणावी तर सांगायला घर नाही. त्या पंढरपूरला आप्तांकडे राहिल्या, नाशिकला राहिल्या. टिळक पत्रे लिहीत, भेटायला येत, पण बायकोवर धर्माची सक्ती त्यांनी केली नाही. हा त्यांच्या बाजूचा मोठा गुण. मात्र बाप्तिस्म्याआधी तिला विश्वासात घेतले नाही, हेही तितकेच खरे आहे; त्यांचे चरित्र लिहिणाऱ्याने ते झाकून ठेवण्याचे कारण नाही.

चार-साडेचार वर्षांनी लक्ष्मीबाई नगरकडे नवऱ्याजवळ आल्या, त्या धर्म बदलायला नव्हे, संसार करायला. प्रथम त्यांची चूल, त्यांचे पाणी वेगळे. ख्रिस्ती शेजारात त्यांचे सोवळे चालू आणि टिळक ते मुकाट्याने सांभाळीत. मग हळूहळू त्यांच्या मनातच प्रश्न उठला, की माणसामाणसांत हा भेद देवाने केला की माणसाने? त्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी स्वतःचे स्वतः काढले आणि सर्वांच्या हातचे पाणी पिण्याचा निश्चय केला. 1900 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. नवरा पुस्तक वाचून ख्रिस्ती झाला, बायको पाण्याच्या घोटावरून. दोघांच्या वाटा वेगळ्या होत्या आणि मला तरी दुसरी वाट अधिक कठीण वाटते.

अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, हे त्यांचे घर झाले. टिळक तिथल्या धर्मशिक्षणाच्या विद्यालयात शिकवीत. 1904 मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. घरात पोरक्या मुलांची कायम वर्दळ. पैसा हाती टिकत नसे, कारण दारी आलेल्याला नाही म्हणणे त्यांना जमत नसे. घरखर्चाची तोंडमिळवणी अर्थातच लक्ष्मीबाईंनी करायची. 1907 च्या जळगावच्या कविसंमेलनात गाजलेला पोरगेला त्र्यंबक बापूजी ठोमरे, आपले बालकवी, तोही पुढे या घरात राहून गेला. फुलामुलांचे कवी ही टिळकांची ओळख त्याच काळातली.

त्यांचे खरे काम मात्र देवळाच्या आत झाले. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत तेव्हा परदेशी चाली आणि भाषांतरित शब्द चालत. टिळकांनी अभंग आणले, ओवी आणली, टाळ-मृदंग आणि कीर्तन आणले. आज मराठी ख्रिस्ती उपासनेच्या गीतसंग्रहात त्यांच्या पदांचा मोठा वाटा आहे. ख्रिस्ती होणे म्हणजे साहेब होणे, हा समज त्यांना दोन्ही बाजूंनी झोंबत होता. हिंदू आप्त त्यांना परके मानीत आणि मिशनमधल्या काहींना त्यांचा देशाभिमान जड जाई. ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाची जबाबदारी त्यांच्याकडे होती, तरीही मिशनच्या चौकटीत त्यांचा जीव घुसमटे.

1917 मध्ये, पंचावन्न उलटल्यावर, प्रकृती ढासळलेली असताना त्यांनी मिशन सोडले. संन्याशाची वृत्ती पत्करली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे ख्रिस्ताचे अनुयायी म्हणून जागा होती. चर्चच्या दृष्टीने हे धाडसच. संस्था उभी करण्याची हातोटी टिळकांत नव्हती आणि काळही उरला नव्हता. 9 मे 1919 रोजी मुंबईत जे. जे. रुग्णालयात त्यांचे निधन झाले. दरबार त्यांच्यामागे फार टिकला नाही.

ख्रिस्ताचे चरित्र ओव्यांत सांगणारे ‘ख्रिस्तायन’ त्यांनी 1909 मध्ये हाती घेतले होते. जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले आणि ते तसेच राहिले. लग्नानंतर अक्षरे गिरवायला शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी ते काम उचलले. एकेक करीत साठाहून अधिक अध्याय त्यांनी रचले आणि त्याच वर्षांत, सगळ्या भांडणांसह आणि हसण्यासह, टिळकांच्या आठवणी ‘स्मृतिचित्रे’ म्हणून लिहून काढल्या. 1936 मध्ये त्या गेल्या, तेव्हा ‘ख्रिस्तायना’चा अखेरचा भाग तेवढा राहिला होता. तो दत्तूने, म्हणजे देवदत्त टिळकांनी, पुरा केला.