पंडित भगवानलाल इंद्रजी आणि सोपाऱ्याच्या आठ मूर्ती

महाराष्ट्राच्या भूमीत गाडले गेलेले बौद्ध वैभव ज्यांनी पुन्हा उजेडात आणले, त्यांत पंडित भगवानलाल इंद्रजी यांचे नाव अग्रभागी आहे. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत त्यांना क्वचितच जागा मिळते. आपल्या विहारांत धातूच्या बुद्धमूर्तींची संख्या वाढत असताना त्यांच्या जीवनकार्याचे स्मरण करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

भगवानलालांचा जन्म १८३९ साली जुनागढ येथे एका ब्राह्मण कुटुंबात झाला. घरासमोरच्या गिरनारच्या वाटेवर सम्राट अशोकाच्या धम्मलिपी कोरलेला प्रचंड शिलाखंड होता. त्यावर काय लिहिले आहे हे गावात कोणासही वाचता येत नव्हते. जेम्स प्रिन्सेप यांनी उलगडलेल्या ब्राह्मी अक्षरांचा तक्ता या मुलाच्या हाती आला आणि त्याने त्याच्या आधारे ते लेख स्वतः वाचावयास आरंभ केला. शिक्षण पारंपरिक, इंग्रजीवर प्रभुत्व नाही. परंतु नजर तीक्ष्ण आणि चिकाटी अलोट. ही कीर्ती मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यापर्यंत पोहोचली. त्यांनी या तरुणास बोलावून घेतले. पुढे १८७४ मध्ये भाऊ दाजींचे निधन होईपर्यंत भगवानलाल त्यांच्यासाठी भारतभर आणि नेपाळात हिंडले. नाणेघाट, नाशिक, कान्हेरी येथील लेखांच्या वाचनात त्यांचा वाटा मोठा आहे. ते गुजरातीत लिहीत आणि ब्यूलर यांच्यासारखे विद्वान ते इंग्रजीत आणीत. लायडन विद्यापीठाने त्यांस सन्माननीय डॉक्टरेट अर्पण केली.

त्यांच्या जीवनातील सर्वांत संस्मरणीय घटना १८८२ सालची. वसईजवळील सोपारा हे प्राचीन शूर्पारक. पूर्ण स्थविरांच्या कथेमुळे बौद्ध साहित्यात अमर झालेले बंदर. तेथील एका उंच टेकाडास लोक बुरूड राजाचा कोट म्हणत. बांबूकाम करणाऱ्या कष्टकरी जातीचे नाव त्या ढिगाऱ्यास चिकटलेले होते. स्तूपाची ओळख मात्र लोकस्मृतीतून पुसली गेली होती. भगवानलालांनी तो स्तूप असल्याचे ओळखले व उत्खनन केले. मध्यभागी विटांच्या कोठडीत दगडी करंडक मिळाला. त्यात तांब्याची डबी, तिच्यात चांदीची, मग दगडाची, मग स्फटिकाची आणि सर्वांत आत सोन्याची, अशा एकात एक ठेवलेल्या डब्या होत्या. सोन्याच्या डबीत मातीच्या भांड्याचे १३ तुकडे होते. ते तथागतांच्या भिक्षापात्राचे म्हणून श्रद्धेने जपले गेले असावेत, असे भगवानलालांचे मत होते. सोबत सोन्याची फुले आणि सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याचे चांदीचे नाणे होते.

तांब्याच्या डबीभोवती आठ लहान धातुमूर्ती वर्तुळाकार बसविलेल्या होत्या. विपश्यी, शिखी, विश्वभू, क्रकुच्छंद, कनकमुनी, काश्यप आणि शाक्यमुनी हे सात बुद्ध, व आठवा भावी बुद्ध मैत्रेय. अजिंठ्याच्या २२ क्रमांकाच्या लेण्यातही हेच आठ जण नावांसह रंगविलेले आहेत. मैत्रेय मुकुट व अलंकार धारण करतो, कारण तो अद्याप बोधिसत्त्व आहे. बुद्ध झालेल्यांच्या अंगावर केवळ चीवर असते. बुद्धमूर्तीत भूमीला स्पर्श करणारा हात निर्धाराचा व संबोधीचा साक्षी, मांडीवर एकमेकांवर ठेवलेले हात ध्यानाचे, उंचावलेला तळहात अभयाचा, खाली झुकलेला तळहात दानाचा. मूर्ती नवस फेडणारी देवता नसून हातांच्या भाषेत लिहिलेला धम्मोपदेश आहे, हे सोपाऱ्याच्या मूर्तींसारख्या शिल्पांतून आपण शिकतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. नाणे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील, तर मूर्ती शैलीवरून आठव्या-नवव्या शतकातील मानल्या जातात. म्हणजे शेकडो वर्षांनंतर कोणी उपासकांनी स्तूप उघडला, जुने अवशेष जसेच्या तसे ठेवले, भोवती नव्या मूर्ती मांडल्या आणि तो पुन्हा बंद केला. त्यांची नावे आपणांस ठाऊक नाहीत. त्यांनी जपले म्हणून भगवानलालांना वाचता आले.

१६ मार्च १८८८ रोजी, वयाची पन्नाशीही न गाठता, हा ज्ञानोपासक मुंबईत निवर्तला. सोपाऱ्याचा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहे.

२५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहूरोड येथे रंगूनहून आलेल्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. तेव्हापासून वस्तीवस्तीत मूर्ती आल्या. त्यांतील अनेक पितळेच्या, म्हणजे तांबे व जस्त यांच्या मिश्रणाच्या असतात. पौर्णिमा आली की चिंच, लिंबू, राख किंवा विटेची भुकटी घेऊन त्या घासण्याची आपली रीत आहे. घासण्याने चकाकी येते, परंतु प्रत्येक वेळी धातूचा सूक्ष्म थर निघून जातो. प्रथम केसांची वलये सपाट होतात, मग पापण्या, मग बोटे. बोटे झिजली की मुद्रा झिजली. मुद्रा झिजली की उपदेश मुका झाला. म्हणून कोरड्या मऊ सुती कापडाने वा मऊ कुंचल्याने धूळ पुसावी. पाणी लागल्यास ते खाचांतूनही तत्काळ टिपून घ्यावे. घामेजल्या हातांनी मूर्ती उचलू नये आणि उचलताना हाताला वा प्रभावळीला न धरता तळाशी आधार द्यावा. मेणबत्ती व अगरबत्ती अंतरावर ठेवावी. जुन्या मूर्तीवरचा एकसारखा काळसर-तपकिरी थर हा मळ नव्हे. तो खरवडू नये. फिक्या हिरव्या भुकटीचे ठिपके दिसू लागले तर मूर्ती ओलाव्यापासून दूर ठेवून जाणकारास दाखवावी. मूर्ती कोणी, केव्हा दिली याची नोंदही वहीत असावी.

भगवानलाल जन्माने आपल्यातले नव्हते. तरीही धम्माचा पुरावा त्यांनी प्रामाणिकपणे वाचला व जगापुढे ठेवला. तो पुरावा पुढच्यांना वाचता येईल असा राखणे हे आता आपले कर्तव्य आहे. आपल्या आजी-माजी विद्यार्थ्यांनी ते पार पाडावे, हेच या पंडितास खरे अभिवादन ठरेल.